कुत्र्यांना घेऊन दापोलीला जाताय आणि पक्षीही बघायचेत? मग भरती-ओहोटी आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दोघं पुण्याहून दापोली तालुक्यात पाच दिवस जाताय. सोबत एक लॅब्रेडोर आणि दत्तक घेतलेला एक देशी कुत्रा. दुर्बीण नुकतीच घेतली आहे. कुत्र्यांना किनाऱ्यावर मनसोक्त हिंडवायचंय, आतल्या गावांतून फिरायचंय आणि पक्षीही बघायचेत. हे सगळं एकत्र जमतं का?

जमतं, आणि छान जमतं. फक्त पक्षी आणि मोकळा कुत्रा यांना एकाच वेळी एकाच जागी आणायचं नाही. दिवसातले तास आणि जागा वाटून घ्यायच्या. कुठला तास कुणाचा, हे किनाऱ्यावर समुद्र ठरवतो, म्हणून हॉटेलच्या चेक-इनच्या वेळेआधी पंचांग उघडा. मी कोकणात कुत्रे घेऊन हिंडत आलेय आणि पक्षीनिरीक्षणाच्या सहलीही नेत आलेय. त्यातून जे पक्कं झालंय तेच सांगते.

आधी हे समजून घ्या की जानेवारीत त्या वाळूवर कोण असतं. मुरुड, कर्दे, आंजर्ले, केळशी या किनाऱ्यांवर ओल्या वाळूतून तुरुतुरु धावणारे, मध्येच गपकन थांबणारे, वाकून काहीतरी टिपणारे आणि पुन्हा धावणारे जे छोटे पक्षी दिसतात ते चिखले (इंग्रजीत प्लोव्हर). त्यांच्यात दोन प्रकार हमखास मिसळलेले असतात. दुर्बिणीतून मान बघा. मानेभोवती मागून पूर्ण पांढरी पट्टी असेल तर तो केंटिश चिखल्या, पट्टी नसेल आणि मान सरळ मातकट असेल तर बहुधा सँड प्लोव्हर. हा सँड प्लोव्हर लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर पिल्लं वाढवून इथे हिवाळा काढायला आलेला असतो. लाट मागे गेली की तिच्या मागे आणि लाट आली की तिच्यापुढे पळणारे पांढुरके, काळ्या पायांचे सँडरलिंग तर थेट आर्क्टिक प्रदेशातून येतात. तपकिरी डोक्याचा कुरवही (कुरव म्हणजे इंग्रजीतला गल) तिबेट-लडाखच्या तलावांवरून उतरलेला असतो. नावावरून तपकिरी डोकं शोधत बसू नका. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं होतं आणि कानामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. पंखांच्या काळ्या टोकांतले पांढरे डाग दिसले की ओळख पक्की.

सँड प्लोव्हरचं वजन साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास. मार्च-एप्रिलमध्ये त्याला हिमालय ओलांडायचा असतो आणि त्यासाठी लागणारी चरबी याच वाळूतल्या किड्यांवर, छोट्या खेकड्यांवर साठवायची असते. खायला मिळतं ते मुख्यतः ओहोटीत, वाळू उघडी पडल्यावर. म्हणजे त्याचे जेवणाचे तास मोजके आहेत. कुत्रा मागे धावला, थवा उडाला, गोल फिरून शंभर पावलांवर बसला, की आपल्याला वाटतं काय बिघडलं? बिघडतं ते हे की दर वेळी साठवलेलं थोडं खर्च होतं आणि खाण्याची काही मिनिटं जातात. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत असे वीस कुत्रे येतात. त्यातले काही गावचे, काही पाहुण्यांचे. पक्ष्याला त्यातला आपला लाडका कुठला, हे कळत नाही.

लीश लावली की प्रश्न मिटला, असं बरेच जण धरून चालतात. सिडनीजवळच्या रानातल्या वाटांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लीश लावलेले कुत्रे नुसते वाटेवरून चालत नेले तरी पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि एकूण संख्या ४१ टक्क्यांनी कमी दिसली. कुत्र्याशिवाय फक्त माणसं चालली तेव्हा परिणाम याच्या निम्म्याहूनही कमी होता. रान वेगळं, पक्षी वेगळे, पण पक्ष्याच्या लेखी कुत्रा म्हणजे शिकारी प्राणी, ही गोष्ट सगळीकडे सारखी. म्हणून मी लीशला किमान अट मानते. खरा उपाय वेळ आणि जागा वेगळी करणं हाच.

आता वेळेचं गणित. कोकणात जुन्या लोकांना भरतीची वेळ तोंडी सांगता येते, ती तिथीची पाऊणपट करून. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साधारण सव्वाअकराला पूर्ण भरती, दुपारी आणि रात्रीही. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते. अर्धा तास इकडेतिकडे होतोच, म्हणून मोबाईलवर हर्णै किंवा रत्नागिरीचं भरतीचं वेळापत्रकही बघा, पण हा हिशोब डोक्यात असला की नेटवर्क नसताना अडत नाही.

समजा तुमचे दिवस पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास आले. याला उधाणाचे दिवस म्हणतात. पहाटे साडेपाचला ओहोटी, मग पाणी चढत सव्वाअकराला भरती, पुन्हा संध्याकाळी साडेपाचला ओहोटी. सूर्योदय सव्वासातच्या आगेमागे होतो. तेव्हा वाळू रुंद उघडी असते आणि पक्षी दूर पाण्याच्या कडेला पसरलेले असतात, नवीन दुर्बिणीला ते ठिपक्यांसारखेच दिसतील. साडेआठ ते साडेदहा हा तुमचा खरा वेळ. चढतं पाणी पक्ष्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणतं. तुम्ही कोरड्या वाळूवर एका जागी बसलात आणि हललाच नाहीत, तर ते आपणहून इतके जवळ येतात की पायांचा रंग दिसतो. या दोन तासांत कुत्रे किनाऱ्यावर नकोत. त्यानंतर भरतीच्या आधीचा आणि नंतरचा तासभर तर मुळीच नकोत, कारण तेव्हा सगळे पक्षी उरलेल्या अरुंद पट्टीत दाटीवाटीने विश्रांती घेत उभे असतात. एका पायावर, चोच पाठीत खुपसून. तो त्यांचा झोपेचा वेळ आहे.

कुत्र्यांचा वेळ संध्याकाळचा. साडेचारनंतर ऊन उतरतं, वाळू रुंद होते, पक्षी पुन्हा दूर पाण्याकाठी पांगतात. कर्दे किंवा मुरुडच्या मधल्या भागात, जिथे माणसांचा वावर असतोच, तिथे वरच्या कोरड्या भागातून लांब चालवा. खाडीच्या मुखाकडच्या टोकाला नेऊ नका. हा नियम कुठल्याही किनाऱ्याला लावता येतो: जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे चिखल, वाळूचे दांडे आणि सगळ्यात जास्त पक्षी. आंजर्ल्याचं आणि केळशीचं खाडीमुख पक्ष्यांसाठी सोडा.

अष्टमीच्या आसपासचे दिवस आले तर गणित उलटतं. या भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक कमी, भरती पहाटे आणि संध्याकाळी, ओहोटी भर दुपारी. दुपारी वाळू तापते, तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याच्या पंजांनाही ती सोसत नाही. अशा दिवसांत सकाळी कुत्र्यांना आतल्या गावांकडे न्या आणि किनारा सकाळी साडेआठ-नऊला एकट्याने करा, पाणी उतरायला लागलं की पक्षी भुकेने वाळूवर येतात.

तुम्ही दोघं आहात हे सगळ्यात चांगलं. एकाकडे दुर्बीण, दुसऱ्याकडे कुत्रे, मग पाळी बदला. दोघांनी एकत्र जाऊन एका हातात लीश आणि दुसऱ्या हातात दुर्बीण हा प्रकार टाळा. लॅब्रेडोरची जातच मुळात पाण्यात पडलेलं बदक तोंडात धरून आणायला वाढवलेली. कुरवांचा थवा पाण्यावर बसलेला दिसला की तिच्यातलं ते जागं होणारच, त्यात तिचा दोष नाही. ती ओढ घेईल तेव्हा तुमचे डोळे दुर्बिणीत असतील तर तुम्ही पडाल आणि ती सुटेल.

एक जागा मात्र अजिबात नाही: कासवांची घरटी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या वेळास, आंजर्ले, केळशी आणि आसपासच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात रात्री वर येऊन वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत हे काम उभं केलं आणि आता अनेक गावांतले कासवमित्र पहाटे किनारा चालून घरटी शोधतात, अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. त्यांच्या आधी घरटं कुत्र्याच्या किंवा कोल्ह्याच्या नाकाला सापडलं तर ते संपलं. म्हणून या गावांत रात्री आणि उजाडण्याआधी कुत्र्याला किनाऱ्यावर नेऊच नका, लीशवरसुद्धा नाही. दिवसाही तो एखाद्या जागी नाक खुपसून उकरायला लागला तर ताबडतोब बाजूला घ्या, वाळूवर रुंद घसरत गेलेला माग दिसतोय का बघा आणि गावात कळवा. हॅचरीपाशी जायचं असेल तर कुत्रे मुक्कामी ठेवून जा.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येते. दापोलीला लोक समुद्रासाठी जातात, पण कुत्रा सोबत असताना पक्षी सगळ्यात निवांत दिसतात ते आगरात, म्हणजे घरामागच्या नारळी-पोफळीच्या बागेत. मुक्काम निवडताना समुद्र दिसणारी खोली मागण्याऐवजी आगर असलेलं, गडग्याने (दगडी कुंपणाने) बंदिस्त घर मागा. फोनवर तीन गोष्टी विचारा: घरचा कुत्रा आहे का, मांजर आहे का आणि कोंबड्या मोकळ्या असतात का. तिसरा प्रश्न बरेच जण विसरतात आणि पहिल्याच संध्याकाळी यजमानांशी संबंध बिघडतात.

आगरात सकाळी पाटाचं पाणी सोडलं की पोफळीच्या आळ्यांमधून ते झिरपत जातं. तुम्ही पडवीत चहा घेऊन बसा, कुत्रे पायाशी, लीश खुर्चीच्या पायाखाली. अर्ध्या तासात त्यांना कळतं की इथे काही घडणार नाही आणि ते झोपतात. मग बाग सुरू होते. नारिंगी डोक्याचा कस्तुर हमखास अशा सावलीत असतो. तो चोचीने एक वाळकं पान उलटं करतो आणि लगेच टिपत नाही. आधी स्तब्ध उभा राहतो, डोकं किंचित कलतं करून. मग एकदम दोन उड्या, चोच मातीत, आणि ओढून काढलेला गांडूळ. आपल्याकडच्या या कस्तुराच्या पांढऱ्या गालावरून दोन गडद उभे पट्टे जातात, तेवढे नीट बघून घ्या. तोवर वर नारळाच्या झावळीत टकाचोर कर्कश ओरडत असतो, जास्वंदीवर शिंजीर, आंब्यावर हळद्या, ओल्या जागेवर शेपटीचा पंखा करून नाचणारा नाचण. नशीब असेल तर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक आळ्यातल्या पाण्यावर सूर मारून अंघोळ करताना दिसतो. नवशिक्याला यातले पंधरा-वीस पक्षी ओळखता यायला लागले तरी सुट्टी सार्थकी लागली असं मी म्हणेन.

इथे कुत्र्याचा एक खरा उपयोगही होतो. त्याचे कान बघा. पानांतली हालचाल, झुडपातली खसखस त्याला आपल्या कितीतरी आधी कळते. झोपलेल्या कुत्र्याचा एक कान ताठ होऊन ज्या दिशेला वळतो तिकडे दुर्बीण लावायची सवय लागली की भारद्वाज किंवा मुंगूस आपल्याआधी निसटत नाही. पण त्याला उठवून झुडपात घालायचं नाही. पक्षी उठवून बघणं हे शिकाऱ्याचं काम.

आगराबाहेर पडून वर चढलात की सडा लागतो, जांभ्या कातळाचं उघडं पठार. जानेवारीत गवत वाळलेलं असतं, दृष्टी लांब जाते. इथले पक्षी मातीच्याच रंगाचे: चंडोल, डोंबारी, तिरचिमण्या आणि चोचीजवळ पिवळी कातडी लोंबणारी माळटिटवी. माळटिटवी बघायची तर सावकाश चाला आणि वारंवार थांबा. ती जमिनीवर उभी असते आणि हलेपर्यंत दगडच वाटते. हे सगळे जमिनीवर घरटी करणारे पक्षी. जानेवारीत टिटव्यांची वीण अजून सुरू झालेली नसते, ती साधारण मार्चपासून. त्यामुळे आत्ता लीशवरचा कुत्रा घेऊन सड्यावरच्या बैलगाडीच्या वाटेने चालायला हरकत नाही. मार्चनंतर परत आलात तर कुत्रे सड्यावर नकोत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की समजा तुम्ही अंड्यांजवळ आहात, आल्या पावली परत फिरा.

सड्यावर माझी मोठी काळजी पक्ष्यांपेक्षा कुत्र्यांची असते, आणि तिचं नाव फुरसं. रत्नागिरी जिल्ह्याचा जांभा हे फुरशांचं घर आहे. वीतभर-हातभर लांबीचा, मातकट रंगाचा हा विषारी साप सुट्या दगडांखाली बसतो आणि डिवचला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खसखस आवाज काढतो. कुत्रा आवाजाच्या दिशेने नाक नेतो आणि चावा नाकावर किंवा पुढच्या पायावर बसतो. म्हणून सड्यावर लीश आखूड, दगडांचे ढिगारे आणि गवताचे झुपके टाळायचे. चावलाच तर जखम कापणं, घट्ट आवळून बांधणं, हळद भरणं यातलं काही करू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा पशुवैद्यकाकडे न्या. तो कोण आणि कुठे, हे निघण्याआधी फोन करून विचारून ठेवायचं. दापोलीत पोचल्यावर शोधायचं नाही.

बाकी धोकेही पटकन सांगते. बिबट्या: कोकणात गावाच्या कडेला बिबट्या असतोच आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य. दिवेलागणीनंतर कुत्रे पडवीत किंवा अंगणात बांधून ठेवू नका, खोलीत घ्या. फासकी: रानडुकरांसाठी कुणी कुणी तारेची फासकी लावतं, म्हणून जंगलाच्या कडेने कुत्रा मोकळा सोडू नका. मोहोर: जानेवारीत हापूसच्या बागांत औषधफवारणी चालू असते, झाडाखालचं गवत कुत्र्याला खाऊ देऊ नका, बागायतदाराला विचारल्याशिवाय बागेत शिरूही नका. गोचीड: निघण्याआधी औषध, रोज रात्री कान, बगला आणि बोटांमधली जागा तपासा. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसची लस झालेली असावी. समुद्राचं पाणी प्यायला देऊ नका, गोडं पाणी जवळ ठेवा. आणि केंड. फुगणारा हा मासा जाळ्यातून काढून वाळूवर फेकलेला असतो, त्याचं विष कुत्र्याचा जीव घेतं. लॅब्रेडोर वाळूवरचं काहीही तोंडात घेते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. ‘सोड’ ही आज्ञा तिला आत्तापासून रोज शिकवा.

याच कारणाने हर्णैला कुत्र्याशिवाय जा. तिथे किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो. माणसं, टोपल्या, बर्फ, गाड्या आणि वर आकाशभर कुरव, घारी, तांबूस अंगाच्या आणि पांढऱ्या डोक्याच्या ब्राह्मणी घारी. कुत्र्याला तिथे त्रास आणि कुत्र्याचा लोकांना त्रास. तुम्ही मात्र तासभर तरी द्या. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो, त्या बाजूच्या आभाळावर नजर ठेवा. पोटाकडून स्वच्छ पांढरा, पंखांच्या कडा काळसर, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी, तरंगताना पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले, असा मोठा पक्षी दिसला तर तो समुद्रगरुड. ब्राह्मणी घारीशेजारी तो आला की आकारातला फरक लगेच कळतो.

समुद्रगरुडाची वीण हिवाळ्यातच चालते. तो किनाऱ्यालगतच्या उंच, जुन्या झाडावर, पुष्कळदा वस्तीजवळच, काटक्यांचं प्रचंड घरटं करतो आणि वर्षानुवर्षं तेच दुरुस्त करत वापरतो. चालताना एखाद्या आंब्याखाली किंवा सुरूखाली पांढरी शिंतोडलेली विष्ठा, माशांचे काटे, समुद्री सापाच्या मणक्यांची साखळी पडलेली दिसली तर वर घरटं असण्याची शक्यता मोठी. तुमचे कुत्रे ते तुमच्याआधी हुंगतील. तिथे थांबू नका, त्यांना ते खाऊ देऊ नका आणि लांब जाऊन दुर्बिणीतून बघा. जोडीतला एक पक्षी झाडावरून उठून घिरट्या घालत हंबरल्यासारखं ओरडायला लागला तर आणखी लांब व्हा. फोटो कुठे टाकलात तर जागेचं नाव देऊ नका. गावातल्या लोकांना झाड माहीत असतंच आणि बहुतेक ठिकाणी तेच त्याची राखण करत आलेत.

खाडीसाठी वेगळी युक्ती आहे: गाडी. पक्षी चालत्या माणसाला घाबरतात, उभ्या गाडीला फारसे नाही. खाडीलगतच्या रस्त्यावर सकाळी गाडी कडेला घ्या, इंजिन बंद, काचा अर्ध्या उघड्या, कुत्रे मागच्या सीटवर हार्नेसने बांधलेले. खारफुटीच्या मुळांवर बसलेला काळ्या डोक्याचा खंड्या, लांब खाली वाकलेल्या चोचीचा कुरल, ढोकरी, समुद्रबगळा, वरून मासा हेरणारा ऑस्प्रे, हे सगळे गाडीत बसून नीट दिसतात. कुत्र्याने भुंकून साथ दिली तर मात्र खेळ संपतो, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांना चांगलं दमवून ठेवा. गाडीत कुत्रे ठेवून दोघंही उतरून लांब जाऊ नका, जानेवारीतही उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गुहागरकडे जायचा विचार असेल तर जरूर करा. गाडी बोटीवर चढवता येते, कुत्रे आत राहतात आणि खाडी ओलांडताना सुरय (इंग्रजीत टर्न) आणि कुरव अगदी जवळून जातात.

अभयारण्यांचा मोह टाळा. परतताना वाट वाकडी करून फणसाड किंवा कर्नाळ्याला थांबायचं अनेकांच्या मनात येतं. कुत्रे सोबत असतील तर नको. तिथे ते न्यायचे नसतात आणि बाहेर गाडीत ठेवणंही बरोबर नाही.

घरून निघायला तुमच्याकडे अजून वेळ आहे, तो सरावात घाला. सोसायटीत पारवे दाणे टिपत असतात तिथे कुत्र्याला लांब बसवा. तो पारव्यांकडे बघतो, तुमच्याकडे वळून बघतो, त्या क्षणी बक्षीस. रोज थोडं अंतर कमी करा. पारव्यांसमोर दहा मिनिटं शांत बसणारा कुत्रा चिखल्यांसमोरही बसू शकतो. देशी कुत्र्याची वेगळी तयारी लागेल. किनाऱ्याच्या प्रत्येक पट्ट्यावर गावच्या कुत्र्यांची टोळी असते, आणि नवा देशी कुत्रा त्यांना पाहुणा वाटत नाही, प्रतिस्पर्धी वाटतो. टोळी दिसली की वाट बदला, हाकलायला दगड उचलू नका. आपोआप लांब होणारी दोरी असलेली लीश घेऊ नका. साधी, दोन मीटरची, आणि गळपट्ट्याऐवजी हार्नेस.

दुर्बिणीसोबत एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, आणि किती पक्षी. नाव येत नसेल तर वर्णन लिहा. नंतर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरता येईल, आणि पुढच्या वर्षी त्याच किनाऱ्यावर जाल तेव्हा तुलनेला स्वतःच्याच नोंदी असतील.

पक्ष्यांजवळ किती जायचं, याला मी मीटरमध्ये उत्तर देत नाही, कारण ते पक्षी सांगतो. टिपणं थांबवून त्याने मान वर केली, ही पहिली सूचना. तिथेच थांबा. तो चालत तुमच्यापासून दूर जायला लागला, ही दुसरी. दोन पावलं मागे या. शेजारचे पक्षी एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले तर पुढच्या क्षणी सगळा थवा उडणार आहे. कुत्रा सोबत असेल तर पहिल्या सूचनेलाच वळा. कुत्र्यालाही आपल्यासोबत वळायची सवय दोन दिवसांत लागते.

तुमचे नेमके दिवस ठरले की तिथी बघून पाचही दिवसांची भरतीची वेळ कागदावर काढा, त्यासमोर दोन रकाने करा, एक पक्ष्यांचा, एक कुत्र्यांचा, आणि तो कागद यजमानांना पोचल्या पोचल्या दाखवा. नाश्ता किती वाजता हवा, हे त्यांना त्यावरून कळेल, आणि त्यांच्या किनाऱ्यावर सध्या कासवांची घरटी कुठे आहेत, हे ते तुम्हाला सांगतील.